अंड्याचं टरफल आणि तात्यांचा आवाज

मी कराडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तास नसतील तेव्हा प्रयोगशाळेत पॉर्फिरिनच्या कुळातली संयुगं बनवत बसते. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करतीस गं सध्या, तर मी नुसतं 'शिकवते' म्हणून मोकळी होते. पूर्वी हौसेने सगळं सांगायचे. समोरचा माणूस शेवटपर्यंत मान डोलावून ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, उसाला चालतंय का ते.

इथे मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पॉर्फिरिन ही रंगीत रेणूंची मोठी भावकी आहे. रक्ताला लाल करणारा आणि पानाला हिरवं करणारा, हे दोघे त्याच भावकीतले. यातल्या काहींना एक खोड आहे. त्यांच्यावर निळा-जांभळा उजेड टाकला की ते स्वतः लाल चमकतात. दुसरी खोड त्याहून कामाची. मेंदूत होणाऱ्या काही गाठींमध्ये ते साठून राहतात आणि शेजारच्या धडधाकट भागात फारसे थांबत नाहीत. म्हणजे अंधार करून योग्य तो उजेड टाकला तर गाठ आपण होऊन हात वर करते. या एवढ्याशा गोष्टीवर जगभर माणसं आयुष्य घालवतात. त्यात माझा वाटा खारीचा. मी नवी संयुगं बनवते, उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून बाटल्या फॉईलमध्ये गुंडाळते आणि पुण्याला पाठवते. तिथे गाठीच्या पेशी बशीत वाढवतात आणि माझं संयुग त्यांच्यात शिरतं का ते बघतात. बहुतेक वेळा शिरत नाही. मग मी आठवडाभर सगळ्यांवर डाफरते आणि पुन्हा कामाला लागते.

आमचं गाव पलूसजवळ. तिथे माझे थोरले चुलते आणि चुलती राहतात. सगळं गाव त्यांना तात्या आणि काकी म्हणतं, मीही तेच म्हणते. माझे वडील मी शाळेत जायच्या आत गेले आणि पुढचं सगळं तात्यांनी केलं. शनिवारी दुपारी मी गावी जाते आणि येताना माझ्याकडे हमखास एक पिशवी असते. तिच्यात अंड्याची टरफलं असतात.

गावठी अंड्याच्या तपकिरी कवचात निसर्गतःच एक पॉर्फिरिन असतं. टरफलं कुटायची, आम्लात घालायची, फेस बसला की गाळायची. खाली उतरलेल्या फिकट पाण्यावर जांभळा दिवा धरला की ते रक्तासारखं लाल पेटतं. पोरांना शिकवायला याच्याइतकं स्वस्त आणि झकास दुसरं काही नाही. त्यासाठी काकी चुलीशेजारी एका डब्यात टरफलं साठवून ठेवायची. सून नसलेल्या घरात हे एवढंच तिचं लाडाचं काम होतं, आणि कुणी चुकून टरफल उकिरड्यावर टाकलं तर त्याची खैर नसायची. माझी पीएच.डी. झाल्यावर तात्या आल्यागेल्याला सांगायचे, "आमची पोरगी डाक्टर झाली, पर कोंबड्यांच्या मागं लागून." मी चिडायचे. मी चिडले की त्यांचा दिवस चांगला जायचा.

तात्या तरुणपणी पैलवान होते, त्या जोरावर सैन्यात भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि ऊस करू लागले. पण त्यांची खरी ओळख वेगळीच. ते कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलतात. सातारा-सांगलीच्या जत्रांमधल्या कुस्त्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना कळेल, मी 'ऐकल्या' का म्हणते. मागे उभ्या असलेल्या माणसाला लाल मातीतलं काही दिसत नाही, त्याला समोरच्याचं मुंडासं दिसतं. त्याची कुस्ती कर्ण्यातूनच होते. पैलवान कुठल्या गावचा, त्याचा वस्ताद कोण, आजा कुणाशी लढला होता, आता डावा पाय कुठे गेला आणि त्यातून कुठला डाव निघणार, हे तात्या डाव पडायच्या आधी सांगतात. त्यांचा आवाज चढला की हलगीवाला आपोआप हात उचलतो. हे मी कौतुकाने सांगते आहे, कारण मला ते कौतुक आहे.

एका वर्षी साताऱ्याकडच्या एका जत्रेत तात्या माईकवर म्हणाले, पैलवानाने बादली मारली. मारला होता घिस्सा हा डाव. लोक हसले. तात्या सुधारायला गेले आणि पुन्हा 'बादली'च म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच आलं. मग मैदानात खसखस पिकली आणि कुणीतरी ओरडलं की तात्याला आज जास्त झाली. बडीशेपेपलीकडे ज्याला कसलं व्यसन नाही, त्या माणसाने माईक खाली ठेवला आणि पुढच्या सगळ्या कुस्त्या खाली मान घालून बघितल्या. मी तिथे नव्हते. काकीने फोनवर सांगितलं तेव्हा मला त्या हसणाऱ्यांचा इतका राग आला की हातातली बाटली मी टेबलावर आपटली. काचेची नव्हती म्हणून बरं.

त्यानंतर महिनाभरात उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. मी त्यांना सांगलीला नेलं. डोक्याचा फोटो काढला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून गाठ होती.

मेंदूचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी घाई न करता समजावलं. ऑपरेशन करावं लागेल आणि ते अर्ध्या वेळेला तात्यांना जागं ठेवून करावं लागेल. मेंदूला स्वतःला दुखत नाही. तात्या बोलत राहतील, आणि बोलणं अडखळलं की डॉक्टरांना कळेल की इथून पुढे जायचं नाही. आणखी एक. ऑपरेशनच्या आधी सकाळी एक औषध प्यायला देतील. त्यामुळे गाठीच्या पेशी आपल्या आपणच एक रंग तयार करतील आणि निळ्या उजेडात लाल दिसतील. डोळ्याला जे सारखंच दिसतं त्यातलं वेगळं काढायला त्याची मदत होईल. हे सांगताना त्यांनी त्या रंगाचं नाव घेतलं. ते माझ्या टरफलातल्या रंगाचं नाव होतं.

मी हे सगळं वाचलेलं होतं. वर्गात शिकवलं होतं. पण शेजारच्या खुर्चीवर तात्या बसलेले असताना ते नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं अभ्यास केला तिच्याबद्दल एकही प्रश्न मला सुचेना.

तात्यांनी मात्र तिथेच सांगून टाकलं की ऑपरेशन करायचं नाही. घरी येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "हात गेला तर चालंल. वाचा गेली तर मी कोण ऱ्हायलो?" मला भीती वाटत होती आणि मला भीती वाटली की मी भांडते. म्हणून मी पलूस येईपर्यंत भांडले. गाठ वाढली तर वाचा तशीही जाणार, मग तुमी काय राखताय, असं बरंच काही बोलले. तात्या खिडकीतून ऊस बघत बसले.

गावात बातमी पसरली आणि माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि माजी पैलवानाला बघायला जायचं तर गावठी अंडी न्यायची अशी काहीतरी समजूत आहे. अंड्यांनी घर भरलं. सोसायटीचे चेअरमन आले ते ट्रेच घेऊन आले आणि सगळी खात्रीची गावठी आहेत, मुद्दाम बाजारातून निवडून आणलीत, असं उभ्या उभ्या तीन वेळा बोलले. तात्या सगळ्यांशी कमी बोलायचे. चुकीचा शब्द येईल म्हणून बोलायचेच टाळत होते. ज्या माणसाने आयुष्यभर माईक सोडला नाही तो 'व्हय' आणि 'बरं' यावर भागवू लागला, हे मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागत होतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांची अडचण त्यांनी शब्द शोधत, पण नीट सांगितली. तो डॉक्टर म्हणतो, वाईट तेवढं काढतो. आत सगळं एकसारखं. त्याला कसं कळणार कुठलं आपलं आणि कुठलं परकं? उजेडात लाल दिसतं म्हणतो, ते मला खरं वाटत नाही. मी समजावायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नगंस. दाव."

माझ्या पर्समध्ये जांभळ्या उजेडाची टॉर्च होती, ती नेहमीच असते. धान्याच्या खोलीला खिडकी नाही. पोत्यांवर एक गोधडी टाकून तात्यांना बसवलं, दार लावून घेतलं आणि काकीला अंड्यांची पाटी आणायला लावली. पहिलं अंडं आमच्याच तांबड्या कोंबडीचं होतं. टॉर्च धरली आणि ते गडद लाल झालं, आतून निखारा असल्यासारखं. काकीने "अगं बया" म्हटलं. इतकी वर्षं टरफलं साठवत होती, पण त्यातलं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मी कधी दाखवलंच नव्हतं.

तात्यांनी अंडं हातात घेऊन फिरवून बघितलं. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळी लाल. मग काकीने चेअरमनचा ट्रे पुढे केला.

ट्रेमधलं एकही अंडं चमकलं नाही. एका ओळीत सगळी काळपट, ढिम्म. मला वाटलं टॉर्च गेली. आमच्या कोंबडीच्या अंड्यावर धरली तर लाल. ट्रेवर धरली तर अंधार. काकीच्या डोक्यात माझ्याआधी प्रकाश पडला. तिने ट्रेमधलं एक अंडं उचललं, खोलीबाहेर जाऊन सोड्याच्या पाण्याने खसाखसा घासलं आणि परत आणून आमच्या समोर धरलं. पांढरं फेक. पोल्ट्रीची अंडी चहाच्या पाण्यात बुडवून कुणीतरी चेअरमनना गावठी म्हणून खपवली होती.

तात्या हसायला लागले. आधी नुसता खांदा हलत होता, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. फोटो काढल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. गावातल्या प्रत्येक निवडणुकीत लोकांना चहा पाजून मोठ्या झालेल्या माणसाला बाजारात कुणीतरी चहाच पाजला होता, हे त्यांना फारच आवडलं. काकी चेअरमनच्या घरी ट्रे परत करायला निघाली होती, तिला मी दारात अडवलं.

मग हसू ओसरलं आणि तात्यांनी विचार करून विचारलं, "म्हंजे अंड्यात चमकतंय ते खरं, आन डोस्क्यात चमकतंय ते वाईट?"

मी म्हटलं, हो, रंग तोच, पण तिथे हिशेब उलटा.

त्यांना ते पटलं. त्यांनी पाटीतलं उरलेलं एकेक अंडं टॉर्चखाली धरायला सुरुवात केली, आता खेळ म्हणून. तेवढ्यात एक अंडं काळंच राहिलं. जवळजवळ पांढरं होतं, पण चेअरमनच्या ट्रेमधलं नव्हतं. काकीने ते ओळखलं. तिच्या फिकट रंगाच्या कोंबडीचं, तिने स्वतः सकाळी खुराड्यातून काढलेलं. पुरतं गावठी, आणि चमक नावाला.

तात्या ते अंडं तळहातावर घेऊन बसले. त्यांना काय कळलंय हे मला कळलं, आणि तिथे खोटं बोलणं फार सोपं होतं. हे अंड्यातच होतं, माणसात होत नाही, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी त्यांना तसं सांगितलं नाही. मी सांगितलं की मेंदूतही असं होतं. गाठीचा कडेचा पातळ भाग कधीकधी चमकत नाही आणि मागे राहतो. आणि एखादा भाग लाल चमकत असला तरी तो बोलण्याच्या जागेत असेल तर डॉक्टर त्याला हात लावणार नाहीत, मुद्दाम ठेवतील. उजेड वाट दाखवतो, सगळं काम करत नाही.

तात्यांनी अंडं पाटीत ठेवलं. म्हणाले, "सगळं निघतंय असं म्हनली असतीस तर न्हाई म्हणून उठलो असतो. डाक्टरला सांग, येतो."

दवाखान्यात आम्ही आदल्या दिवशी दाखल झालो. औषध प्यायल्यापासून एक-दोन दिवस कडक उजेड अंगावर घ्यायचा नाही, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते, अशी ताकीद होती. ही ताकीद मी फोनवर गावातल्या एकाला सांगितली आणि तीच चूक झाली. सकाळपर्यंत गावात असं झालं की तात्याला असं काही पाजणार आहेत की तो अंधारात लाल चमकणार. बघायला जीपभर माणसं आली. त्यांना दारातूनच परत पाठवताना वॉचमनच्या नाकी नऊ आले. एकजण मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारत होता, निदान पाय तरी दिसतील का.

त्या गर्दीत जतचे तात्यांचे जुने जोडीदार होते. दोघे एका तालमीत राहिलेले. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. ते अंधारात काय दिसेल हे बघायला आले नव्हते, ते घरची काळी घोंगडी घेऊन आले होते. तात्यांच्या खोलीचा पडदा पातळ होता आणि पूर्वेचं ऊन सरळ पलंगावर येत होतं. जोडीदारांनी कुणाला न विचारता स्टुलावर चढून घोंगडी खिडकीला अडकवली. सिस्टर रागावून आल्या, की हे कसलं घाणेरडं लावलंय. ते म्हणाले, "घाण न्हाई बाई, लोकर हाय. ह्यातनं ऊन येत असंल तर मला सांगा, मी घेऊन जातो." सिस्टरनी खिडकीकडे बघितलं, खोलीकडे बघितलं आणि घोंगडी राहू दिली. खोलीत मेंढरांचा वास सुटला. तात्या म्हणाले, लय बरं वाटतंय, तालमीत झोपल्यासारखं.

औषध पेल्यात आलं तेव्हा मी ते नीट बघून घेतलं. साधं पाणी दिसत होतं. तात्यांनी एका घोटात संपवलं आणि आंबट आहे म्हणाले. पुढच्या काही तासांत त्यांच्या डोक्यातल्या गाठीत काय काय घडणार होतं ते मला पायरी-पायरीने पाठ होतं. फळ्यावर मी ते किती वेळा काढलं होतं. त्या वेळी मात्र मी त्यांच्या पायाला हात लावून बसले आणि मनात एकच गोष्ट म्हणत राहिले, आवाज राहू दे. काकीही बहुधा तेच म्हणत होती.

आत काय झालं ते मला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. तात्यांना जागं केलं तेव्हा आधी त्यांना चित्रं दाखवली. हे काय, गाय. हे काय, छत्री. तात्यांनी थोडी नावं सांगितली आणि मग कंटाळून म्हणाले, हे बालवाडीचं काय चालवलंय, मला बोलायचंच हाय ना, मग मी माझं बोलतो. आणि त्यांनी कुस्ती सुरू केली. दोन पैलवान त्यांनी तिथल्या तिथे तयार केले, एक कराडचा, एक जतचा. सलामी झाली, खडाखडी झाली, हात मनगटाला गेला. डॉक्टर लाल उजेड बघत काम करत होते आणि तात्या निळ्या कापडाखालून डाव सांगत होते. खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष कुस्तीत गुंतलं. डॉक्टरीणबाईंना कुस्तीतलं काही कळत नव्हतं, तरी जतचा पैलवान खाली गेला तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

आणि मग जतचा पैलवान खालून उठत असताना तात्या थांबले. पैलवानाने डाव टाकला आणि त्या डावाचं नावच येईना. नुसता 'ब' 'ब' असा आवाज. डॉक्टरांनी हात वर घेतला. थोड्या वेळाने तात्या म्हणाले, "घिस्सा." डॉक्टरांनी पुन्हा त्या जागेला स्पर्श केला आणि पुन्हा शब्द गेला. तिथे लाल दिसत होतं. अजून चांगलं लाल दिसत होतं. डॉक्टर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, बस, इथे थांबायचं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. बहुतेक गाठ निघाली. बोलण्याच्या जागेला चिकटलेलं थोडं मुद्दाम ठेवलंय. पुढे किरण द्यावे लागतील, गोळ्या घ्याव्या लागतील, आणि ते परत वाढेल का हे आज कुणी सांगू शकणार नाही. मी मान हलवत होते. हे सगळं मला माहीत होतं. काकीने फक्त विचारलं, बोलतात का. डॉक्टर म्हणाले, बोलतात, थांबायला सांगितलं तरी बोलतात.

दुसऱ्या दिवशी घोंगडीच्या काळोखात मी तात्यांना सगळं खरं सांगितलं, ठेवलेल्या भागासकट. जोडीदार पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"चितपट न्हाई," ते म्हणाले. "बरोबरीत सोडवली."

जोडीदार म्हणाले, "पंचांचा निकाल हाय. मानायचा."

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते, पण रडके नव्हते. किरणांसाठी रोज सांगली, मग गोळ्या, मग तोंडाची चव गेली म्हणून काकीशी भांडण. सूज उतरेपर्यंत तात्यांचे शब्द कुठेही जाऊन पडायचे. पाण्याला चप्पल म्हणायचे, मला चेअरमन म्हणायचे. मी ओ द्यायचे. हळूहळू शब्द परत आले. सगळे नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की काही अडणार, ते अडले की रेटायचं नाही, थांबायचं. तात्यांना थांबणं हेच सगळ्यात अवघड. माझी पुण्याला गेलेली बाटलीही त्याच सुमाराला नापास होऊन आली. तात्यांनी ती बातमी ऐकून माझं सांत्वन केलं नाही. म्हणाले, तुझा पैलवान अजून कच्चा हाय, खुराक वाढीव. मी नवीन संयुग बनवायला घेतलं आहे. यावेळी त्यात माझा जीव जरा जास्त आहे, आणि तसा असू नये हे मला कळतं.

पुढच्या जत्रांच्या दिवसांत साताऱ्याकडच्या त्याच मैदानातून निरोप आला. कमिटीने विचारलं होतं, तात्या येतील का, नुसते बसायला. तात्या बसायला गेले नाहीत. शेवटच्या मोठ्या कुस्तीचा माईक माझा, असं त्यांनी आधीच कळवून टाकलं. काकी आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. मी पहिल्यांदाच त्यांच्या मागे, माईकच्या टेबलाजवळ उभी होते. समोर नुसती डोकी. आधीच्या वर्षी हसलेले लोक त्यातच कुठेतरी होते, आणि मी त्यांना मनातल्या मनात अजून माफ केलेलं नव्हतं.

तात्यांनी सुरुवात चांगली केली. सावकाश बोलत होते, पूर्वीसारखी घोडदौड नव्हती, पण गाव, तालीम, वस्ताद, सगळं जागेवर. हलगी मागे वाजत होती. कुस्ती लागली आणि मैदान पुढे सरकलं. पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग एका पैलवानाने पायाला हात घालून पट काढला, दुसरा निसटला, उलटा फिरला, आणि त्या क्षणी तात्या थांबले.

कर्ण्यातून नुसता त्यांचा श्वास येत होता. हलगीवाल्याने हात थांबवला. तात्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला होता, ओठ हलत होते, आणि तिथे काही नव्हतं. मला तो शब्द येत होता. मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण मी बोलले नाही. आता हसतील, एवढंच डोक्यात होतं. काकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

मागून कुठूनतरी एक म्हातारा आवाज आला, "ढाक हाय तात्या, ढाक." मग त्याच्या शेजारून, मग उजवीकडून, आणि मग सगळं मैदान तो एक शब्द म्हणायला लागलं. कुणी हसत नव्हतं. हजारो माणसं एका माणसाला शब्द देत होती, आणि कुस्ती करणारे दोघेही क्षणभर चकित होऊन एकमेकांना धरून उभे राहिले.

"ढाक," तात्या माईकमध्ये म्हणाले. "व्हय. ढाक." आणि पुढे बोलू लागले.

त्यानंतर ते आणखी दोनदा अडले. दोन्ही वेळा त्यांनी माईक उचलून गर्दीकडे धरला आणि थांबले, आणि शब्द आला.

परत येताना काकी मागच्या सीटवर झोपली. मी गाडी चालवत होते. बऱ्याच वेळाने धीर करून मी विचारलं, तात्या, ततं थांबलात तवा भ्या वाटलं का. गावाकडच्या रस्त्याला लागलं की माझीही जीभ वळते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. शब्द जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला आणि मी रेटलं नाही.

"एकटा असतो तर वाटलं असतं," तात्या म्हणाले. "ततं मी एकटा कुठं हुतो?"